बंदीतली सूट कोणासाठी?



जून महिना उजाडला की आपल्या किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढल्या जातात, जाळी धुऊन वाळवून घरात घेतली जातात आणि इंजिने उघडून दुरुस्तीला लागतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. याच सुमारास आपल्यातील काही हौशी मंडळी दर वर्षी एक प्रश्न विचारतात. ठाण्याला कोलशेतच्या किंवा गायमुखच्या काठावर, कल्याणला दुर्गाडीच्या खाली, डोंबिवलीला मोठागावच्या रेतीबंदरावर सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसणारी ही माणसे. कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी नुकतेच निवृत्त झालेले. प्रश्न साधा आहे: "फादर, ही बंदी आम्हाला लागू आहे का?"

प्रश्न लहान दिसतो. मात्र त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडला आहे, आणि तो केवळ मासे पकडणाऱ्यांचा नाही. कायदा जिथे गप्प बसतो, तिथे आपण मोकळे असतो का?

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. आपल्या राज्यात १९८१ सालचा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम लागू आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा बऱ्याच वाढल्या. पावसाळी बंदीचा काळ पूर्वी कमी होता. २०१५ पासून केंद्र सरकारने तो ४७ दिवसांवरून ६१ दिवसांवर नेला. पश्चिम किनाऱ्यावर ही बंदी जून-जुलैमध्ये असते, तर पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. म्हणून आपल्याकडे जुलैत बाजारात दिसणारी मासळी बरीचशी पूर्व किनाऱ्यावरची, तळ्यांतली किंवा शीतगृहातली असते.

बंदीची कारणे दोन. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, माणसे बुडतात, हे एक. दुसरे म्हणजे पुष्कळ जातींचे मासे याच सुमारास अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले वाढीला लागतात. सगळेच मासे याच दोन महिन्यांत अंडी घालतात असे नाही, पण समुद्राला कधीतरी विसावा द्यायचा तर हा काळ सर्वांत शहाणपणाचा. आपल्या कोळी बांधवांना हे सरकारने शिकवले नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही, ही रीत या कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. आजही किनाऱ्यावरच्या अनेक मच्छीमार संस्था बंदी ३१ जुलैला न संपवता ऑगस्टच्या मध्यापर्यंत न्यावी अशी मागणी करत असतात. ज्यांचे पोट समुद्रावर, तेच म्हणतात, आम्हाला आणखी थांबवा!

या बंदीतून एकाला सूट आहे. वल्ह्यावर किंवा शिडावर चालणाऱ्या, इंजिन नसलेल्या पारंपरिक होडीला. काठावर गळ टाकून बसणाऱ्याचा तर विचारच या कायद्याने फारसा केलेला नाही. तो लिहिला आहे नौका आणि जाळी डोळ्यांसमोर ठेवून. म्हणजे हौशी गळवाल्यांच्या प्रश्नाचे वकिली उत्तर सोपे आहे: ही बंदी तुमच्यासाठी नाही. तुम्हाला कोणी अडवणार नाही, कोणी पावती फाडणार नाही.

पण धर्मगुरूला कोणी वकिली उत्तर मिळवण्यासाठी विचारत नाही. तेव्हा थोडे पुढे जाऊ.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना एक जुना वाद आमच्यासमोर आला होता. काही कायदे असे असतात का, जे विवेकाला बांधत नाहीत, फक्त खिशाला बांधतात? म्हणजे पकडलो गेलो तर दंड भरायचा, नाही तर मनाला काहीही टोचणी नको. सोळाव्या-सतराव्या शतकातील स्पॅनिश येशूसंघीय तत्त्वज्ञ फ्रान्सिस्को सुआरेझ यांनी अशा 'केवळ दंडात्मक' कायद्यांची बाजू गंभीरपणे मांडली होती. नंतरच्या नीतिशास्त्रज्ञांनी याची उदाहरणे म्हणून जकात, जंगलातली लाकूडतोड, शिकार आणि मासेमारी यांचे नियम घेतले. राजाच्या जंगलातला ससा मारला तर दंड भर, पण कबुलीजबाबाला जाऊन सांगायची गरज नाही, असा त्याचा सरळ अर्थ. त्या काळाकडे पाहिले तर त्यात तथ्यही होते. ते जंगल राजाच्या करमणुकीसाठी राखलेले असे आणि उपाशी राही तो रयतेतला माणूस.

हाच विचार आज आपल्या बंदरांवर वेगळ्या भाषेत ऐकू येतो. बंदीत बोट बाहेर काढणारा मालक म्हणतो, "पकडले तर दंड भरू, तो धंद्याचा खर्च आहे." वरकरणी हिशोब चुकता झाला असे वाटते. पण कोणाचा हिशोब? दंड सरकारी तिजोरीत जातो. अंडी घालण्याआधीच जाळ्यात आलेली मादी समुद्रात परत जात नाही. आणि ज्या शेजाऱ्याने नियम पाळून आपली बोट बांधून ठेवली, त्याला तर काहीच मिळत नाही. उलट, त्याने जे मासे समुद्रात राहू दिले तेच या दुसऱ्याने उचलून नेले. नियम मोडणाऱ्याला भरपूर मासळी मिळते ती बाकीचे थांबले म्हणून. सगळे थांबतात आणि एकटा जातो, त्याचा फायदा हा त्याच्या कष्टाचा नसतो, शेजाऱ्यांच्या संयमाचा असतो. तो फुकट लुटायचा आणि वर पावती दाखवायची, याला आपल्या गावच्या भाषेत काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याची जी व्याख्या केली तिच्यात दंडाचा उल्लेखच नाही. त्यांच्या मते कायदा म्हणजे सर्वांच्या हितासाठी, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने घालून दिलेली आणि सर्वांना जाहीर केलेली विवेकाची शिस्त. मासेमारीची बंदी या कसोटीला उतरते. ती कोणा राजाच्या करमणुकीसाठी नाही. पुढच्या वर्षीच्या जाळ्यासाठी, पुढच्या पिढीच्या ताटासाठी आहे. म्हणून ती विवेकाला बांधते. दंड हे फक्त तिचे कुंपण आहे.

इथवर हौशी गळवाले माझ्याशी सहमत होतील. बोटीच्या मालकाचा दोष सर्वांनाच दिसतो. पण ते म्हणतील, "आमच्या एका गळाने काय होणार? सबंध दिवसात दोन बोईट आणि एखादा शिंगाळा मिळतो. कधी कधी तेही नाही."

या म्हणण्याला मान दिला पाहिजे, कारण ते खरे आहे. एका गळाने खाडी रिकामी होत नाही. तसे सांगून कोणाला भीती घालणे म्हणजे खोटे बोलणे. पण हे वाक्य किती जण बोलतात याचाही विचार करा. गळवाला ट्रॉलरकडे बोट दाखवतो. ट्रॉलरवाला पर्ससीनकडे बोट दाखवतो, पर्ससीनवाला परराज्यातल्या बोटींकडे. प्रत्येकाचे माप वेगळे, वाक्य तेच. थेंबे थेंबे तळे साचे असे आपण मुलांना शिकवतो. तळे आटतेही थेंबाथेंबानेच, हे शिकवायचे राहून जाते. १९९२ मध्ये कॅनडा सरकारला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची कॉड माशांची मासेमारी बंद करावी लागली. शतकानुशतके न आटलेला तो साठा होता. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून सुरू झाली आणि उठली २०२४ मध्ये. सुमारे तीस हजार माणसांचे काम गेले. ज्या समुद्राला आपण आपणहून विसावा देत नाही, त्याला एक दिवस सक्तीने द्यावा लागतो.

शिवाय किती मासे पकडले एवढाच प्रश्न नाही. कोणता मासा पकडला, हाही आहे. आपल्या खाडीचा राजा जिताडा घ्या. प्रत्येक गळवाल्याचे स्वप्न म्हणजे एक मोठा जिताडा, आणि त्याच्यासोबत काढलेला फोटो. पण या माशाची एक गंमत आहे. तो बहुधा नर म्हणून मोठा होतो आणि काही वर्षांनी, आकार वाढल्यावर, मादी बनतो. म्हणजे फोटोतला तो अवाढव्य जिताडा बहुतेक वेळा मादी असतो. पावसाळ्याच्या सुमारास नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात जाऊन लाखो अंडी घालणारी आई. तिची पिल्ले मग भरतीबरोबर खाडीत आणि कांदळवनात येऊन वाढतात. दहा छोट्या बोईटांपेक्षा अशा एका जिताड्याचे मोल खाडीला किती जास्त असेल!

हाच मासा ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी म्हणून ओळखला जातो, आणि तिथे हौशी गळवाल्यांचाच तो सर्वांत लाडका मासा आहे. क्वीन्सलँड राज्यात हौसेने गळ टाकणाऱ्यालाही नियम आहेत. ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान बॅरामुंडी ठेवायचा नाही, कारण त्याला अजून वाढायचे आहे. १२० सेंटीमीटरपेक्षा मोठाही ठेवायचा नाही, कारण ती आई आहे. राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी या त्यांच्या पावसाळी हंगामात तो पकडायचाच नाही. तिथला गळवाला पिशवीत मोजपट्टी घेऊन फिरतो. आपल्याकडेही या दिशेने पावले पडली आहेत. २०२३ मध्ये सरंगा, म्हणजे आपले पापलेट, महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित झाले, आणि लहान मासळी पकडू नये म्हणून ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून देण्यात आला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. हाताच्या पंजाएवढेही नसलेले पापलेट पानात वाढले जाते तेव्हा नियम मोडलेला असतो, आणि तो एकट्या कोळ्याने मोडलेला नसतो. विकत घेणारा हातही त्यात असतो.

आता सर्वांत जड आक्षेप. माझ्याशी बोलताना एक गृहस्थ जरा रागानेच म्हणाले होते, "कारखान्यांचे रासायनिक पाणी खाडीत सुटते तेव्हा हजारो मासे एका रात्रीत मरतात. त्यांना कोण विचारतो? आणि उपदेश आम्हाला?" हा राग खोटा नाही. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले, ते उगाच नव्हे. समुद्रातही तेच. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये राज्याने बंधने घातली, एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली, तरीही चोरून हे प्रकार चालल्याच्या तक्रारी मच्छीमार स्वतःच करत असतात. मोठ्यांना मोकळीक आणि लहानांना शिस्त, हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे.

पण अन्यायाने आपल्याला नेमके काय मिळते? तक्रार करण्याचा, अर्ज देण्याचा, लोक जमवून आवाज उठवण्याचा हक्क मिळतो. हक्क कसला, ते कर्तव्यच होऊन बसते. जे थोडे उरले आहे त्यावर आपणही हात मारावा, असा परवाना मात्र मिळत नाही. घराला आग लागली असताना शेजारी सामान पळवतो म्हणून आपण दरवाजे उचकटून नेत नाही. उलट खाडी जितकी आजारी, तितका तिच्यात जगून राहिलेला मासा मोलाचा.

आणि आता त्या सुटीकडे परत येऊ, कारण माझ्या मते खरा मुद्दा तिथे आहे. वल्ह्याच्या होडीला सूट आहे. ती लहान आहे, तिच्याने फार नुकसान होत नाही, हे एक कारण झाले. पण त्या होडीत बसतो कोण, हेही पाहा. ज्याच्याकडे इंजिन घ्यायला पैसे नाहीत तो. ज्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटायची तर दुपारी टोपलीत चार मासे पडायला हवेत तो. हातावर पोट असणाऱ्यासाठी ठेवलेली ती फट आहे.

बंदीची किंमत कोण मोजतो तेही पाहा. बोटीवरचा खलाशी दोन महिने बिनपगारी राहतो किंवा गावी परततो. चेंदणी कोळीवाड्यासारख्या वस्तीतून टोपली घेऊन निघणाऱ्या बाईला विकायला ताजी मासळी नसते. ती सुक्या बोंबलांवर आणि जवळ्यावर दिवस काढते. केंद्राच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळासाठी मदतीची तरतूद आहे: मच्छीमाराने स्वतःचे १५०० रुपये भरायचे, सरकार ३००० घालणार, आणि ती रक्कम तीन महिन्यांत वाटून मिळणार. महिन्याला १५०० रुपये. एवढ्यावर कुटुंब कसे चालते याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

म्हणजे चित्र असे दिसते. ज्याची भाकरी मासळीवर अवलंबून आहे तो थांबला आहे. आणि ज्याची भाकरी बँकेतून, रेल्वेतून, निवृत्तिवेतनातून येते, ज्याला मासळी ही हौस आहे, तो काठावर बसून म्हणतो की मला कोणी अडवलेले नाही. कायद्याने खरोखरच अडवलेले नाही. पण ती सूट भुकेसाठी होती. आपण हौसेसाठी ती वापरतो तेव्हा आपण गरिबाच्या रेशनकार्डावर साखर उचलतो. दुकानदाराने हरकत घेतली नाही, एवढ्याने ती साखर आपली होत नाही.

अक्वायनस यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. माणसाने केलेला कायदा प्रत्येक वाईट गोष्टीला बंदी घालू शकत नाही, आणि घालूही नये. बहुसंख्य लोकांना पाळता येईल एवढेच तो मागतो. बाकीचे तो माणसाच्या चांगुलपणावर सोडतो. मग कायद्याने सोडून दिलेली जागा मोकळी नसते. तिथे आपला विवेक बसावा अशी अपेक्षा असते. प्रत्येक गळामागे एक शिपाई उभा करायचा तर ते राज्य आपल्यालाच नकोसे होईल. तो शिपाई नको असेल तर त्याचे काम आपणच आपल्यापुरते करायला हवे.

जुन्या करारात, अनुवादाच्या पुस्तकातील बाविसाव्या अध्यायात, एक छोटासा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे दिसले आणि आई पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेली असेल, तर पिल्ले घ्यायला मुभा आहे, पण आईला सोडून द्यायचे. मोठमोठ्या आज्ञांच्या मध्येच हा नियम येतो. वाटसरू एकटा आहे, पक्षी एकच आहे, कोणी पाहत नाही, एका पक्ष्याने जगाचे काही बिघडणार नाही. तरीही नियम आहे. घ्यायला मनाई नाही. पण पुढे घरटे ज्याच्यामुळे होणार आहे ते सोडून घ्यायचे. जे धर्मशास्त्र रानातल्या एका पक्ष्याची एवढी काळजी घेते, ते गाबोळीने भरलेल्या चिवणीकडे पाहून काय म्हणेल, हे सांगायला पंडिताची गरज नाही.

मला ठाऊक आहे, पहिल्या पावसातली चिवणी आणि तिची गाबोळी म्हटली की आपल्याकडे तोंडाला पाणी सुटते. मुरबाड, बदलापूरकडे वलगणीचे मासे ओढ्यातून शेतात चढतात तेव्हा सगळे गाव पाण्यात उतरते. हे सण आहेत, त्यांच्यात आठवणी आहेत. ते बंद करा असे मी म्हणत नाही. गावकरी आपल्या घरापुरते दोन मासे नेतो, ते वेगळे. शहरातून गाडी करून जाऊन पिशव्या भरून आणणे वेगळे. हा फरक कोणता कायदा लिहून ठेवणार? तो आपल्यालाच ओळखावा लागतो.

तेव्हा हौशी बंधूंना माझे सांगणे थोडक्यात असे. शक्य असेल तर जून-जुलै गळ कोरडा ठेवा. जे खलाशी घरी बसले आहेत त्यांच्यासोबत तुम्हीही थांबा. त्यांच्या उपवासात हा तुमचा छोटा वाटा. काठावर बसल्याशिवाय राहवतच नसेल तर बसा, पण पिशवीत मोजपट्टी ठेवा. लहान मासा आणि पोटात गाबोळी असलेला मासा हळुवार, ओल्या हाताने सोडवून पाण्यात सोडा. बारीक आसाचे जाळे खाडीत टाकू नका. तुटलेली नायलॉनची दोरी काठावर फेकू नका, त्यात पाखरांचे पाय अडकतात. खाडीत काळे पाणी सुटलेले दिसले तर फोटो काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. दिवसभर काठावर बसणाऱ्याइतका चांगला साक्षीदार दुसरा कोण?

आणि घरच्या भगिनींना एक विनंती. पंजाएवढे पापलेट स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. का घेत नाही तेही मासळीवालीला सांगा. तिला राग येणार नाही. लहान मासळी संपली की आधी तिची टोपली रिकामी होते, हे ती आपल्यापेक्षा चांगले जाणते.

ऑगस्ट लागेल, होड्या पुन्हा पाण्यात जातील, तुम्हीही खुशाल काठावर जा. कधीतरी दोर एकदम ताणला जाईल आणि हातभर लांबीचा, चकाकता जिताडा वर येईल. शेजारी बसलेले सगळे धावत येतील. फोटो जरूर काढा. मग क्षणभर थांबून, ती कोण आहे आणि कुठे निघाली होती याचा विचार करा. तिचे काय करायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. तिथे कायदा नसेल, मीही नसेन.